छातीवरचा बिल्ला

१

सकाळचा चहा झाला की मी बिल्ले पुसते. देवपूजा सून करते. देव मी तिच्यावर सोपवलेत, बिल्ले नाही सोपवत.

पुढच्या खोलीच्या भिंतीवर एका जुन्या सभेच्या मांडवाची कनात ताणून लावली आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. तिच्यावर ओळीने टाचलेत निवडणुकीचे बिल्ले. पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, पुठ्ठ्याचे, एक पितळेचा. कपबशी, शिट्टी, छत्री, शिलाई मशीन, नारळ. काहींवर नुसतं चिन्ह, काहींवर मिशीवाले चेहरे. घासलेटाच्या चिंधीने टाचणी पुसायची, कोरड्या फडक्याने तोंड. टाचणी गंजली की बिल्ला गेला समजा.

मी शाळेत गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी माझ्या अक्षराला हसायला नको. लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आले तेव्हा भिंतीवर गेरूने लिहिलेली नावं आणि माणसांच्या छातीवरचे बिल्ले, एवढंच वाचायला मिळायचं. छत्रीचा छ, नारळाचा न. हरलेल्या उमेदवारांनी मला बाराखडी शिकवली. जिंकलेले पुन्हा गावात दिसायचेच नाहीत.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या धुळीत मी वाकून वाकून बिल्ले वेचले आहेत. खापरच्या बाजारात एका बांगडीवाल्याशी भांडून तीन मिळवले. कळसाडीच्या एका न्हाव्याने वस्तऱ्याच्या पेटीत जपलेला पितळेचा बिल्ला मला दिला, तो कोणतं चिन्ह कोणाचं याची माझी तोंडी परीक्षा घेऊन. पण खरं सांगायचं तर निम्मे बिल्ले मेलेल्या माणसांचे आहेत. आमच्याकडे दहाव्याला गेलेल्याचे कपडे वाटून टाकतात. मी जाते, सदरा हातात घेते, खिशावर बिल्ला असला तर काढते, सदरा परत देते. घरच्यांना विचारून काढते. बायका मागे कुजबुजतात, बाई मेलेल्याच्या छातीवरून ओरबाडते. ओरबाडते, बरं. नाहीतर ते बिल्ले उकिरड्यावर गेले असते.

आमच्या मालकांचा छत्रीचा बिल्लाही मी त्यांच्या दहाव्यालाच काढला. तो तिसऱ्या ओळीत आहे.

२

मागच्या ग्रामपंचायतीला माझी सून प्रतिभा सरपंचपदाला उभी होती. एकोणीस मतांनी पडली. गुलाल समोरच्यांचा उडाला. चार दिवसांनी मी आमच्या पोलिंग एजंटकडून वापरलेली मतदार यादी मागून आणली. हेतू एवढाच की संग्रहात असावी. मत देऊन गेलेल्याच्या नावापुढे एजंट टीक करतो. पानं उलटताना माझं बोट एका नावावर थांबलं.

मालकांच्या नावापुढे टीक होती.

मालकांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जिवंतपणी त्यांना मतदानाला न्यायचं म्हणजे मला घसा कोरडा करावा लागायचा. मेल्यावर मात्र स्वतःच्या पायांनी गेले, आणि मत टाकलं ते सुनेच्या विरोधात!

गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. माणूस जातो, पण यादीतलं नाव कोणी काढत नाही. त्या नावावर उमाकांत आप्पांची, म्हणजे समोरच्यांची, माणसं मत टाकतात. आप्पा म्हणजे आमच्या गावातले, ज्यांच्या ओट्यावर सगळे निकाल आधीच लागतात ते. मी पेन्सिल घेऊन बसले आणि यादीतले मेलेले वेगळे काढले. त्रेचाळीस निघाले. एकेकाचा मृत्यूचा दाखला, नाही तिथे पंचांच्या सह्या, असं करत पाच वर्षं गेली. प्रतिभाने अर्ज लिहिला, सही मी केली. सोमवारी सकाळी अकराला तहसीलला सुनावणी आहे. पुढच्या महिन्यात मतदान. नोटिशीत स्पष्ट छापलंय : अर्जदार स्वतः हजर नसल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.

गेल्या सोमवारी, सुनावणीला आठ दिवस असताना, आप्पा स्वतः घरी आले. झोक्यावर बसले. चहा घेतला.

"काकू," ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "मरेल माणसासना मागे कसाले लागी ऱ्हायन्यात तुम्ही?"

"जित्तासनी मतं तुले पुरतस नहीत, म्हनीसन तू मरेलसले उठाडस. आन् मागे मी लागी ऱ्हायनी व्हय?"

आप्पा हसले. त्यांनी कनातीकडे बोट केलं.

"आंगवरना बिल्ला तुम्ही काढी लिधा. आते नाव बी काढतस. नाव गयं म्हंजे माणूस दोनदा मरस, काकू."

"तू तेसले एकदा बी धड मरू देत नही."

बशीत चहा तसाच टाकून ते उठले. जाताना उंबऱ्यावर थांबून एवढंच म्हणाले, "सोमवारले टाईम शे अजून."

३

मंगळवारी मी बिल्ले पुसून झाल्यावर समोरच्या भिंतीवरचा मालकांचा फोटो पुसायला घेतला. फोटो शहाद्याच्या स्टुडिओतला, ते जाण्याआधी दोन वर्षं काढलेला. खुर्चीत बसलेले, पांढरा सदरा, हात गुडघ्यांवर. वर चंदनाचा हार.

सदऱ्याच्या खिशावर बिल्ला होता.

काचेवर काही चिकटलं असेल म्हणून नखाने खरवडलं. बिल्ला काचेच्या आत होता. गोल, पांढरा, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. त्याच्यावर चिन्ह नव्हतं, नाव नव्हतं. सदऱ्याला टाचणीने पडते तशी बारीक चुणीही फोटोत दिसत होती.

माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी उजवा झाकून पाहिलं, मग डावा झाकून. फोटो उतरवून उलटा केला. मागचा पुठ्ठा, खिळे, कोळ्याचं जाळं, सगळं जिथल्या तिथे. अकरा वर्षांत ती चौकट कोणी उघडली नव्हती.

प्रतिभाला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन आली.

"हाई काय शे?"

"काय आई? बाबांचा बिल्ला."

"कधीपाईन शे?"

"पयलेपाईनच शे ना. तुम्ही इसरी गयात का?"

ती खोटं बोलत नव्हती. प्रतिभा खोटं बोलली की कान लाल होतात, ते लाल नव्हते. पण मला कोणी शिकवू नये. पहिल्यापासून छातीवर बिल्ला असता, तर स्टुडिओतून घरी येईपर्यंत मी तो काढून नसता का घेतला? पन्नास वर्षं मी माणसाच्या तोंडाआधी त्याचा खिसा बघत आलेय.

"ऱ्हाता ते मी तठे ऱ्हाऊ देती का?" मी म्हटलं.

प्रतिभा हसली आणि पीठ मळायला गेली.

त्या दुपारी तीनच्या सुमाराला पुढच्या खोलीत आवाज आला. टिक्. थोड्या वेळाने पुन्हा, टिक्. पत्र्याच्या बिल्ल्याची कड दुसऱ्या बिल्ल्याला लागते तसा. वीज नव्हती, पंखा बंद होता, उन्हाची झळ नको म्हणून खिडक्या मीच लावून घेतल्या होत्या. उंदीर, मी ठरवलं. आणि उंदराला जोरात शिवी दिली, म्हणजे जो कोणी असेल त्याला ऐकू जावी.

४

बुधवारी मी सरलाबाईकडे गेले. रामसिंग पैलवानाची बायको. त्याचं नाव माझ्या यादीत सतरावं. पंचांच्या सह्या तिनेच मिळवून दिल्या होत्या, म्हणून निमित्त होतं. खरं कारण वेगळं होतं, ते मी ताकाबरोबर गिळलं.

रामसिंगचा फोटो तिच्या मधल्या खोलीत आहे. कुस्ती जिंकल्याच्या दिवशीचा. अंगात नुसता लंगोट, खांद्यावर गदा, छाती तेलाने चकाकतेय. या घरी मी पन्नासदा आलेय. हा फोटो मला पाठ आहे.

छातीवर, डाव्या बाजूला, बिल्ला होता. उघड्या छातीवर. टाचणी एका बाजूने कातडीत शिरलेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलेली दिसत होती.

"काय देखी ऱ्हायनी वं बाई?" सरलाबाईने विचारलं.

"आंगमा टोचेल शे वं तो!"

तिने मान वर करून पाहिलं. पदराने फोटोची काच पुसली. "ते काय व्हयनं? पैलवानले काय टोचस?" आणि मलाच चिडवत म्हणाली, "आते हाऊ बी पाहिजे का तुले? फोटोमाईन काढी लेशी का?"

दुसऱ्या वेळी मी हसले असते. त्या दिवशी ताक अर्धं ठेवून उठले.

येताना मी तीन घरं घेतली. कोणाकडे दाखल्याची झेरॉक्स मागितली, कोणाकडे हळद. तिन्ही घरी गेलेल्याच्या फोटोत तो गोल पांढरा बिल्ला. एका म्हातारीच्या फोटोत पदरावर. कोणालाच त्यात वावगं दिसत नव्हतं. चौथ्या घरी मी गेले नाही. भीती वाटली म्हणून नाही. हिशोब कळला होता म्हणून. जी नावं मी अर्जात लिहिली होती, त्या सगळ्यांच्या छातीवर तो असणार.

मेलेल्यांनी बाजू घेतली होती. राहिला प्रश्न एवढाच, की त्यांचा उमेदवार कोण.

५

गुरुवारी मालकांच्या फोटोतल्या बिल्ल्याच्या पांढऱ्यात एक करडी छाया आली. मी भिंग लावलं. डोक्यावरून पदर घेतलेली बाई.

शुक्रवारी चष्मा आला. जाड काचांचा.

आमच्या गावात चष्मेवाल्या बायका पुष्कळ आहेत. मी एकेक नाव आठवून पाहिलं, मोठ्याने. सरलाबाई चष्मा लावत नाही. शाळेतल्या बाई पदर घेत नाहीत. मन काय करतं बघा. उत्तर माहीत असलं की ते इतर सगळी दारं ठोठावून येतं.

शनिवारी हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आले आणि दारं संपली. मी सात वर्षांची असताना माझ्या आईने ते माझ्या हनुवटीवर गोंदवून घेतले होते. चेहऱ्याखाली, जिथे चिन्ह छापतात, तिथे चिन्ह नव्हतं. एक शब्द होता. बिनविरोध.

बरोबरच होतं. ज्याच्यासमोर कोणी उभं नाही त्याला चिन्ह लागत नाही. आमच्याकडे याच्यासारखा मान नाही आणि याच्यासारखी फसवणूकही नाही. चार शहाणी माणसं ओट्यावर बसतात, बाकीच्यांना अर्ज मागे घ्यायला लावतात, आणि उरलेल्याच्या गळ्यात हार पडतो. मत देण्याची वेळच येत नाही. उरलेल्याला कोणी विचारतही नाही, बाई, तुला जायचंय का.

त्यांनी मला उभं केलं होतं. त्यांच्याकडे. आणि तिकडे निवडून गेलेलं माणूस सोमवारी अकराला तहसीलला कसं हजर राहणार?

प्रतिभाने मला भिंग घेऊन बसलेलं पाहिलं. जवळ आली, वाकली. या खेपेला तिला काहीतरी जाणवलं असावं.

"आई, ती बाई तुमच्यासारखी दिसते."

"पयलेपाईनच व्हती का ती बी?"

तिने माझ्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि म्हणाली, "सोमवारी तुम्ही नका जाऊ. मी जाते. नाहीतर अर्जच राहू द्या. मला नको ते सरपंचपद."

"तुन्हासाठे कोन जाई ऱ्हायनं? मन्हा माणूसना नाववर चोर मत टाकतस. माले ते नको."

त्या दुपारी टिक् टिक् एकाच ओळीत झालं नाही. सगळ्या कनातीवर झालं.

६

आज रविवार. जेवण झाल्यावर मी प्रतिभाला सरलाबाईकडे पाठवलं, पापड लाटायला. पुढच्या खोलीत खुर्ची ओढून कनातीसमोर बसले. मांडीवर यादी, कानावर पेन्सिल. बाहेर ऊन असं की ओट्यावर कुत्रंही नाही. अडीचला वीज गेली. पंखा फिरून फिरून थांबला.

अर्ज मागे घ्यायची वेळ दुपारी तीनपर्यंत असते, ती मला पक्की ठाऊक आहे. मी कितीतरी बायकांना तीनच्या आत रडत घरी येताना पाहिलंय.

तीनला कनात पुढे आली. मग मागे गेली.

मी मनाशी म्हटलं, कौसाबाई, कापड आहे. कापडामागे भिंत आहे. भिंतीत तू स्वतः खिळे ठोकलेस. हवा शिरली असेल. पण हवा कापडाला एकच पोट आणते. इथे एकेका बिल्ल्यामागे वेगळा फुगवटा येत होता. कुठे रुंद, भरलेला. कुठे दम्याने खंगलेला, मधोमध खोलगट. नारळाच्या बिल्ल्यामागे उतरत्या वयाचा सुटलेला. ते वर जात होते, खाली येत होते, आणि वर जाताना बिल्ल्यांच्या कडा एकमेकींना लागत होत्या. टिक्. टिक्. धुळीतून वेचलेले, मागून आणलेले बिल्ले तेवढे सपाट होते. दहाव्याला काढलेले सगळे श्वास घेत होते.

मी खुर्चीच्या हाताला धरून उठले. सभेत बसून बोलणं मला आवडत नाही.

"उभं करानं आधी इचारतस माणूसले," मी म्हटलं. मी खाकरले. "बिनविरोध म्हनतस? नही. मन्हा इरोधमा मी उभी शे. आते व्हऊ द्या मतदान."

कनात थांबली. श्वास धरला म्हणा.

"आन् ऐकी ल्या. निवडी दिधं तरी पयलं काम हाईच करसू. तुमना एकेकना नाव खोडसू. तुमनी मतं चोरीस गई, तुम्ही चोरले सोडीसन मन्हावर रागे भरतस? लाज नही वाटत? पटस त्येनी मत द्या. नही पटस त्येनी बिल्ला उतारा."

मग मी पेन्सिल काढली आणि यादी वाचायला लागले. एक नाव, बापाचं नाव, आडनाव. मयत. रेघ. दुसरं नाव. मयत. रेघ. चौथ्या नावाला टप् असा आवाज झाला. पायाशी पत्र्याचा बिल्ला पडला होता, टाचणी उघडी. आणि त्याच्यामागचा फुगवटा बसला होता. त्यांच्याकडचं एक मत कमी झालं.

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. सतराव्याला रामसिंग. त्याची छाती बसायला वेळ लागला, पैलवान माणूस. पण बसली. बिल्ले पडत राहिले. काही नावांचे माझ्याकडे बिल्ले नव्हतेच, त्यांच्या वेळी नुसता कापडातून कोणी उसासा सोडावा तसा आवाज यायचा. बेचाळीस नावं संपेपर्यंत माझी पेन्सिल बोथट झाली होती.

तिसऱ्या ओळीत छत्रीच्या बिल्ल्यामागे एकच फुगवटा उरला.

७

त्रेचाळिसावं नाव मी कधी घेतलेलं नाही.

नव्या पोरींना हे सांगून पटत नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं ते एकदा, त्यातही जीभ अडली म्हणून मांडवातल्या बायका हसल्या. त्यानंतर नाही. रेशन दुकानात, दवाखान्यात, मुलगा दिनेश सुरतला गेला तेव्हाच्या कागदांवर, सगळीकडे दुसऱ्या कोणीतरी सांगायचं आणि मी मान हलवायची. एवढी जहाल बाई मी, पण ते नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. अर्जावरही प्रतिभानेच लिहिलं. तेही तसेच. मला नावाने हाक त्यांनीही कधी मारली नाही. "ऐकं का," नाहीतर "दिनेशनी माय."

उद्या साहेबासमोर ते नाव मलाच घ्यावं लागणार. मग आज का नाही?

"धुडकू गोविंद पाटील," मी म्हटलं. "मयत."

रेघ मारली. कागद फाटला.

बिल्ला पडला नाही. फुगवटा बसला नाही. उलट कापड तिथे अजून पुढे आलं, माणूस बसल्या जागेवरून उठतो तसं. आणि त्याच्यामागून कोणीतरी म्हणालं,

"कौसा."

आवाज त्यांचा होता का? मी कसं सांगू? त्या आवाजात हा शब्द मी आयुष्यात ऐकलेलाच नव्हता.

आमच्याकडे लेकरालाही शिकवतात. एकटं असताना हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसऱ्या हाकेला देऊ नये. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, ओ दिला की सोबत नेतं. तिसरी हाक जिवंताची. मला हे ठाऊक होतं, तरी ओ जिभेच्या टोकाशी आला होता. एक्कावन्न वर्षं ज्याची वाट पाहिली असं म्हणणार नाही, पण आल्यावर कळलं की पाहिली होती. मी पदराचा बोळा दातांत धरला.

कनातीची डावी कड भिंतीपासून जराशी सुटली. त्या फटीत मला बोट दिसलं. एकच, डाव्या हाताचं. नखावरून खाली शाईची रेघ, ओली, नुकती लावलेली.

"कौसा."

दुसऱ्यांदा.

मी पदर तोंडातून काढला. "आते याद ऊनं व्हय नाव?" मी म्हटलं. "उद्या अकरा वाजता तहसीलले मन्हं नाव पुकारतीन. तेले ओ देसू मी. तुले नही."

हा काही ओ झाला नाही. हे उत्तर झालं. दोहोंत फरक आहे, तो मी कोणाशीही वाद घालून सिद्ध करीन.

बोट आत गेलं. कापड हळूहळू सपाट झालं. छत्रीचा बिल्ला जागेवरच राहिला. वीज आली आणि पंखा असा खडखडला की मी किंचाळले, हेही लिहिते, लपवायचं काय?

पायाशी पडलेले बिल्ले मी वेचून डब्यात भरलेत. समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलेलं नाही. त्यांच्या छातीवर अजून कोण आहे ते मला बघायचं नाही. मत त्यांचं, आणि मत गुप्त असतं.

प्रतिभा आली तेव्हा मी हे लिहीत होते. तिने फाटलेली यादी पाहिली, कनात पाहिली. साडेआठच्या एस.टी.ला दोघी जाणार आहोत. ती माझा हात सोडणार नाही म्हणाली. सोडू नको म्हटलं.

दोन हाका झाल्यात. तिसरी तहसीलच्या शिपायाची असली तर ओ देईन. आणि वाटेत, एस.टी.त, पायऱ्यांवर, कुठेही दुसऱ्या कोणाची आली, तरी देईन. पण साहेबासमोर उभी राहून त्रेचाळीस नावं मोठ्याने वाचून झाल्यावर. तोवर ज्याला हाका मारायच्यात त्याने माराव्यात.